एक जून

गंगावेशीत, दूधकट्ट्यावर,
म्हशीच्या अंगाची ऊब अजून ग्लासात असताना
मी बाबांना विचारते, तुमचा खरा जन्म कधीचा?
"एक जून. गुरुजींनी लावला.
निम्मा वर्ग एक जूनचाच होता आमचा."
मिशीवरचा फेस पुसत म्हणतात,
"आई सांगायची, भात कापायला आलतं तवा झालास."

भात कापायला येतं दसरा-दिवाळीच्या मधे.
म्हणजे कागदावर बाबा चार-पाच महिन्यांनी थोरले,
आणि तेवढेच महिने आधी बाजार समितीतून रिटायर.
याविरुद्ध त्यांनी कुठेही अपील केलं नाही.

ब्रेमेनमध्ये मी तीन हिवाळे काढले
दुसऱ्यांच्या फायली वाचण्यात.
वकिलाच्या ऑफिसात, रेडिएटरला पाठ लावून.
मला फी माफ, वर स्कॉलरशिप,
आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत
आश्रय मागणारी एकशे बारा माणसं.
त्यातल्या एकोणचाळीस जणांचा जन्म एक जानेवारीचा.
दुभाषा म्हणायचा, आमच्याकडे त्या दिवशी
सुईणींना पाणी प्यायला उसंत नसते.
मी हसायचे.
एक जून मला तेव्हा आठवला नाही.

सखीदाद शहाऐंशीवा.
डोंगरातलं गाव, ज्याचं नाव
मी तीन वर्षांत तीन तऱ्हांनी उच्चारलं.
पहिल्या मुलाखतीत त्याला विचारलं,
शाळेच्या वाटेवर नदी कुठल्या हाताला?
डाव्या.
सात महिन्यांनी दुसरा अधिकारी, प्रश्न तोच.
उजव्या.
निकाल दोन पानांचा. मराठीत सांगायचं तर,
अर्जदार जे गाव सांगतो
ते त्याचं आहे यावर विश्वास बसत नाही.
मी तक्त्यात रकाना भरला,
विसंगती, कोड चौदा,
आणि कॅन्टीनमध्ये जेवायला गेले.
बटाटे होते त्या दिवशी. चांगले होते.

सुट्टीत आले तशी गांधीनगरला गेले.
एका प्रकरणात घरचं उदाहरण घाल, असं गाईडबाईंचं म्हणणं.
आधी इथे वळिवड्याच्या माळावर
पोलंडहून आलेल्या बायकापोरांची छावणी,
ती उठली, मग त्याच बराकींत सिंधी माणसं.
होतचंद केवलरामाणींनी चहा सांगितला.
वडील शिकारपूरचे, म्हणाले.
दुसऱ्या चहाला म्हणाले, सक्करचे.
माझं पेन थांबलं. त्यांनी ते बघितलं.
"ताई, कापड घेणार, का नुसतं विचारणार?"

अडीच मीटर घेतलं.
मापून झाल्यावर त्यांनी कात्री
चार बोटं पुढे सरकवून चालवली,
काही न बोलता.

हे सगळं मी बाबांना सांगत नाही.
तीस वर्षं त्यांनी गुळाचे रवे तोलले,
पावशेराची चूक झाली तर
रात्री जेवण जायचं नाही त्यांना.
म्हणून नुसतं विचारते, सहज विचारल्यासारखं,
बाबा, चिखलीत तुमच्या शाळेच्या वाटेवर
नदी कुठल्या हाताला?

ते ग्लास खाली ठेवत नाहीत,
आठवायला म्हणून वरही बघत नाहीत.
"जाताना का येताना?"

मागे म्हैस वैरणीत तोंड घालते.
गवळी पैशाला हात पुढे करतो,
बाबा खिशात सुटे चाचपतात.
"का गं? पी की, गार व्हायलंय."

दोन्ही सांगा, म्हणते मी,
आवाज नीट लागत नाही.

"जाताना डावीकडं, येताना उजवीकडं,"
चपला शोधत ते म्हणतात,
"आन् म्हापुरात चारी बाजूंनी."